फीडबॅक द्या, काका

आमच्या आळीतला डीजे बोलताना तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. कानांवर हेडफोन चढवून तुम्हाला झोपाळ्यावर बसवलं की तो समोर उकिडवा बसतो आणि तुमच्या डाव्या अंगठ्यावर नजर लावतो. आमच्या अलिबागजवळच्या नागावला संध्याकाळी डास फार. एखादा चावला म्हणून मी पाय झटकला की हा टाळी वाजवतो. “बघा, बघा! इथे सगळ्यांचाच पाय हलतो.”

मग ठरलेला प्रश्न. “कसं वाटलं? खरं खरं सांगा हां, काका. मला वाईट नाही वाटणार.”

वाईट वाटतं. वाईट वाटलं की तो “बरोबर, बरोबर” असं दोनदा म्हणतो, हेडफोनची वायर बोटाला गुंडाळतो आणि पुढची वीस मिनिटं तुमचं मत कसं चुकलंय ते तुम्हाला समजावतो. “बरोबर” एकदाच म्हणाला, तर खरंच पटलेलं असतं. तशी वेळ क्वचित येते.

त्याचं नाव मी सांगत नाही. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक गावात असा एक तरी आहे, आणि प्रत्येकाच्या आईला वाटतं की हे खूळ आपल्याच घरात शिरलंय. डीजे म्हणून त्याने घेतलेलं नाव अधूनमधून बदलतं. कायम राहतो तो फक्त त्यातला झेड. हंगामात तो किनाऱ्यावर बनाना बोटीची तिकिटं फाडतो. त्या पैशांतून त्याने मुंबईच्या एका मुलाकडून जुना कंट्रोलर घेतला. दोन गोल चकत्या, मधे सरकपट्ट्या, आणि एक बटण निघालेलं. रो-रोने भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येताना त्याने तो मांडीवरच ठेवला होता. समुद्रस्नानाच्या गावातला पोरगा, पण त्या दिवशी पाण्याचा शिंतोडा उडाला तरी दचकत होता म्हणे.

पावसाळ्यात मात्र जपून राहावं लागतं. बोटी बंद, पर्यटक नाहीत, तिकिटं नाहीत, आणि सगळी माणसं आपापल्या पडवीत हाताशी सापडतात. जून ते ऑगस्ट या काळात तो जितके मिक्स बनवतो तितके उरलेल्या वर्षात बनवत नाही. भिजत येतो. हेडफोन मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. “फक्त दोन मिनिटं, काका.” त्या दोन मिनिटांचा मिक्स बावन्न मिनिटांचा असतो.

ऐकण्याचे नियम कडक आहेत. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचं नाही. यात तो चुकीचा नाही. त्या इवल्या स्पीकरातून साठ-सत्तर हर्ट्झचा खर्ज बाहेरच पडत नाही, आणि याची सगळी मेहनत त्या खर्जातच पुरलेली. मधे बोलायचं नाही. हा नियम फक्त आपल्याला. तो स्वतः सतत बोलतो, आणि ते ऐकू यावं म्हणून आपल्या एका कानावरचा हेडफोन उचलून धरतो. “आता येईल… थांबा… अजून नाही… आता बेस काढलाय, कळलं? आता… आता… हां! आलं!” जे आलं ते मला अर्ध्याच कानाने ऐकू आलेलं असतं. तरीही मान डोलवावी लागते, कारण तेवढ्यात तो मासळी बाजारात बाई पापलेटाचे कल्ले उघडून बघते तसा माझा चेहरा तपासत असतो.

बीपीएम हा त्याचा दुसरा आजार. एका मिनिटात ठोके किती, हे त्याला प्रत्येक वस्तूबद्दल हवं असतं. शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंप, आजोबांचा खोकला, एसटीचा वायपर, सगळ्याला तो मोबाइलवर बोटाने ठोके देऊन आकडा काढतो. हाउस साधारण एकशे वीस ते एकशे तीस, ड्रम अँड बेस एकशे सत्तरच्या पुढे, असं मलाही आता पाठ झालंय. एकदा दवाखान्यात माझी नाडी ब्याण्णव निघाली. डॉक्टर काळजीत. हा सोबत आलेला, म्हणाला, “काही नाही काका, हिप-हॉप आहे.”

मित्रांची मतं तो मोजत नाही. सुरुवातीला मोजायचा. मिक्स पाठवला की मिनिटभराच्या आत “एक नंबर भावा”, “कडक”, “जाळ” आणि आगीची चित्रं. मग त्याच्या लक्षात आलं की बावन्न मिनिटांचा मिक्स मिनिटभरात ऐकून होत नाही. त्या दिवशी तो खरोखर दुःखी होता. “काका, ‘एक नंबर’ म्हणजे ऐकलंच नाही.” इतकं शहाणं वाक्य त्याच्या वयात मला सुचलं नसतं. यावर त्याने उपाय काढला. सदतिसाव्या मिनिटाला मुद्दाम कुत्र्याचं भुंकणं घातलं आणि पुन्हा पाठवला. पुन्हा सगळ्यांकडून “एक नंबर”. एकाने मात्र लिहिलं, “मधे कुत्रा भारी.” तो मित्र आता त्याचा मॅनेजर आहे.

घरचं मत आईचं, आणि ते स्वयंपाकघरातून येतं. स्पीकर लावला की तिच्या फडताळातल्या तिसऱ्या फळीवरचा स्टीलचा डबा थरथरतो. ती वैतागून ओरडते, “रव्याचा डबा पडेल रे!” कुठलाही मुलगा आवाज कमी करील. याने खर्जाचे सूर एकेक करून वाजवून पाहिले आणि डबा नेमका कुठल्या सुराला वाजतो ते शोधून काढलं. तेव्हापासून त्या डब्यावर त्याचा फार भरवसा. “आज रवा हलला नाही, म्हणजे बेस कमी पडलाय.” आई डब्यात रवा कमी-जास्त करते आणि याची मोजणी बिघडते. त्यावरून घरात भांडणं झाली आहेत.

वडील काही बोलत नाहीत. ते फक्त आल्यागेल्याला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगतात. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार, त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार, म्हणून इंग्रजांनी कुलाब्याची वेधशाळा 1904 साली उचलून अलिबागला आणली. का, तर इथे काही गडबड नाही. “तेव्हा नव्हती,” एवढंच ते शेवटी म्हणतात आणि मुलाच्या खोलीकडे बघतात.

पण सगळ्या मिक्समधली माझी आवडती जागा सांगायला हवी. सगळं वाजणं हळूहळू चढत जातं, एकदम थांबतं, आणि त्या शांततेत एक माणूस हिंदीत विचारतो, “अलिबाग से आया है क्या?” क्षणभर काही नाही. मग याचा स्वतःचा आवाज, “हो!” आणि खर्ज कोसळतो. मुंबईकरांनी आम्हाला बावळट ठरवण्यासाठी वापरलेलं हे वाक्य. 2019 साली त्यावर बंदी घाला म्हणून एकजण उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने याचिका फेटाळली. इतकी वर्षं आम्ही त्यावर नुसते चिडलो. याने त्यावर ठेका धरला. मी त्याला तसं सांगितलं तेव्हा तो “बरोबर” म्हणाला. एकदाच.

त्याचं दैवत चरणजित सिंग. परदेशी डीजेंची नावं तो पटापट घेतो, हे नाव मात्र सावकाश घेतो. मुंबईतला हा हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजवणारा माणूस. 1982 साली त्याने रोलँड कंपनीची तीन यंत्रं जुळवली आणि दहा रागांना डिस्कोचा ठेका देऊन एक रेकॉर्ड केली. भैरवी, मेघमल्हार, सगळे यंत्रावर. ती कुणी फारशी घेतली नाही. पुढे 1987मध्ये शिकागोच्या पोरांनी त्यातल्याच एका यंत्रातून तसाच किरकिरता खर्ज काढला आणि त्याला ॲसिड हाउस असं नाव पडलं. 2010 साली एका डच संग्राहकाने मुंबईची ती रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा जगाने डोळे चोळले. म्हातारपणी सिंगसाहेबांना परदेशात बोलावणी आली. 2015 साली ते गेले.

“बघा, काका,” हा मला सांगतो, “अठ्ठावीस वर्षं त्यांना कुणी फीडबॅक दिला नाही.”

“आणि तुला अठ्ठावीस मिनिटं थांबवत नाही.”

“बरोबर, बरोबर.”

त्याच्यामुळे मीही थोडं वाचलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाचा एक जमैकन पोरगा होता. 11 ऑगस्ट 1973ला बहिणीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे उभे करायला इमारतीच्या हॉलमध्ये नाच ठेवला, आणि हा तबकड्या लावायला उभा राहिला. त्याने हेरलेलं असं, की नाचणारे सगळ्या गाण्यावर सारखे नाचत नाहीत. मधला नुसता तालवाद्यांचा तुकडा येईपर्यंत दम धरतात आणि मग सुटतात. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडाच लांबवला. मी म्हटलं, “बघ, त्याने कुणाला ‘कसं वाटलं’ विचारलं नाही. नुसतं बघितलं.”

तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, “त्याच्यासमोर नाचणारे होते, काका. माझ्यासमोर तुम्ही आहात.”

आमच्याकडे मत स्पष्ट देण्याची परंपरा जुनी. मराठीतला सर्वांत जुना म्हणून ज्याचं नाव घेतात तो 1012 सालचा शिलालेख शेजारच्या आक्षीचा, आणि त्याच गावच्या जुन्या दगडांत दान मोडणाऱ्याला गद्धेगाळ, म्हणजे गाढवाची शिवीही, कोरलेली आहे. त्या मानाने भजनी मंडळाचे बुवा फार सौम्य बोलले. हा त्यांच्याकडे गेला ते धाडसच होतं. बुवांचा हात पखवाजावर पन्नास वर्षं बसलेला, आणि त्यांच्या लेखी डीजे म्हणजे गणपतीत खिडकीच्या काचा हलवणारा टेम्पो. त्यांनी हेडफोन नाकारला. “स्पीकरवर लाव.” डोळे मिटले. कोळीगीत चालू होतं, त्याच्याखालून याने हाउसचा ठेका वर आणला. बुवांनी डोळे उघडले.

“हे दोघं भांडतायत.”

“नाही बुवा, दोन्ही एकशे चोवीसवर आहेत. मशीनने जुळवलंय.”

“वेग जुळलाय रे. चाल कुठे जुळलीय? तुझं कोळ्याचं गाणं सहाने डोलतंय, खालचा धोपटतोय चाराने.” बुवांनी मांडीवर एका हाताने चार आणि दुसऱ्या हाताने सहा धरले. “बघ. बारानंतर दोघं समेवर भेटतात. तोवर पोरगी एकीकडे, वऱ्हाड दुसरीकडे. आत शिरायचंच असेल तर बाराला शिर.”

तो “बरोबर” म्हणाला की नाही ते मला ऐकू आलं नाही, कारण तो चपला न घालताच घरी पळाला. रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतून बारा-बारा ठोके मोजणं चालू होतं. आईने दोनदा विचारलं म्हणे, की पाढे का म्हणतोयस. महिनाभर तो प्रत्येकाला सांगत होता की मशीनचं वेग जुळवणारं सिंक बटण म्हणजे थोतांड आहे. ते बटण त्याच्या कंट्रोलरवरून आधीच निघालेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

बुवांकडच्या यशाने धीर आला आणि तो धवलारणीकडे गेला. आगरी लग्नात धवले म्हणणारी ही म्हातारी. हळद असो, मांडव असो, विधी तिच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि तिला शेकडो ओळी तोंडपाठ. हल्लीच्या हळदीत डीजेच्या आवाजात तिचं गाणं कुणाला ऐकू जात नाही. त्यामुळे हा तिच्यापुढे बसला तेव्हा मला वाटलं, आता पोराची धडगत नाही. तिने पदर सारखा केला, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला, आणि पूर्ण ऐकलं. पूर्ण. आळीत ते आजवर कुणी केलं नव्हतं, मॅनेजरनेही नाही. हा तिच्या पायांकडे बघत होता, पण म्हातारी मांडी घालून बसली होती.

“गोर हाय,” ती म्हणाली. “पन पोरा, तुजं गानं थांबत नाय कुठं. मंग बाया दम कवा घेतीन?”

त्याने समजावलं की मधे थांबलं तर लोक नाचायचे थांबतात. ती हसली. तिने दोन ओळी म्हणून दाखवल्या, आणि दोन ओळींच्या मधे ती थांबली, तेव्हा परसात कांदे निवडत बसलेल्या दोघी बायांनी न सांगता पुढची ओळ उचलली. त्यावर तिने काही भाष्य केलं नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “आयला दे.”

तेव्हापासून त्याच्या मिक्समध्ये मोकळ्या जागा आल्या. आधी फारच आल्या. एक मिक्स तर इतका थांबत होता की मला वाटलं हेडफोनची वायर सुटली. त्या वेळी फाइलींची नावंही पाहण्यासारखी होती. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’, ‘फायनल आजी’, ‘फायनल आजी बुवा’. ‘फायनल काका’ अशी एकही नव्हती. मी विचारलं, तर म्हणाला, “तुम्ही फक्त ‘आवाज जरा मोठा आहे’ म्हणता.”

आता त्याच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाबद्दल. चौलच्या एका वाडीत हळद होती. हळद म्हणजे आमच्याकडे लग्नापेक्षा मोठी. लग्नाला यायला जमलं नाही तर चालतं, हळद चुकवून चालत नाही. मोठा डीजे टेम्पोभर खोकी घेऊन आलेला, जनरेटर, दिवे, सगळा थाट. याची त्याच्याशी ओळख मॅनेजरने काढली. मोठ्या डीजेने याला एकदा वरखाली न्याहाळलं, आणि मटण वाढायला घेतल्याची हाक आली तेव्हा म्हणाला, “मी जेवून येतो. तोवर संभाळ. लाल दिवा लागू देऊ नको, बाकी काय कर ते कर.”

तो जेवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. मटण चांगलं होतं, मीही दोनदा घेतलं.

पहिली पाच मिनिटं याने मान वर केली नाही. चकत्यांवर हात, डोळे सरकपट्ट्यांवर, आणि समोर सगळं वऱ्हाड नाचतंय की पांगलंय याचा पत्ता नाही. ज्या पोराने सबंध पावसाळा आळीचे पाय तपासले, त्याच्यासमोर पायांचा समुद्र उसळलेला, आणि हा बघेना. शेवटी मॅनेजरने हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं. मग “अलिबाग से आया है क्या?” आलं. शांतता. आणि याच्या रेकॉर्ड केलेल्या “हो!”च्या आधीच सगळा मांडव ओरडला, “हो!” नवरदेवाचा मामा, हळदीने पिवळा झालेला, खुर्चीवर चढून ओरडत होता. त्याचा मुंबईत फार अपमान झालेला असावा.

त्यानंतर कोळीगीत आलं, बाराव्या ठोक्याला हाउस आत शिरला, आणि कोपऱ्यात पानं लावत बसलेल्या बायका उठल्या. मोठा डीजे हात पुसत परत येईपर्यंत दहा वाजून गेले होते.

दहा वाजल्याचं आणखी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकरला बंदी आहे. सूट मिळते ती वर्षातल्या ठरावीक सणांच्या दिवशी, तीही मध्यरात्रीपर्यंत, आणि कुणाच्या पुतण्याची हळद त्यात धरत नाहीत. मांडवाच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली. हवालदार उतरला, गर्दीतून वाट काढत सरळ कंट्रोलरपाशी आला. मोठा डीजे अनुभवी. तो तिथूनच परत पंगतीकडे वळला.

याने आवाज बंद केला. मांडवातून “अरेरे” असा सूर उठला. हवालदाराने खिशातून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं.

“साहेब, बंद केलं,” हा म्हणाला. “पण एक विचारू का? तुम्ही रस्त्यावरून ऐकलं असेल. कसं वाटलं?”

मॅनेजरने कपाळावर हात मारला. हवालदार थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ते नाखव्याचं गाणं कापायला नको होतंस. बाया आत्ताच उठल्या होत्या.”

“दुसऱ्या अंतऱ्याला कापलं ते ना, साहेब?”

“कुठला दुसरा? पहिलाही पुरा येऊ दिला नाहीस.”

“बरोबर,” हा म्हणाला, आणि घाईने मोबाइल काढून लिहून घेऊ लागला.

हवालदाराने वही उघडली. “नाव?”

“कुठल्या गाण्याचं, साहेब?”